ॲक्युपंक्चर उपचार : अपेक्षा आणि मर्यादा



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या तक्त्यांबरोबर एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा आम्ही ॲक्युपंक्चर अर्थात सूचीचिकित्सा हा विषय घेतला आहे. त्यास एक निमित्त घडले. रुग्णालयाच्या एका जुन्या हितचिंतकांनी दिवंगत भगिनीच्या स्मरणार्थ मोठी देणगी देऊ केली आणि तिच्यातून 'अपत्यप्राप्ती ॲक्युपंक्चर केंद्र' सुरू व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. भगिनीस मूल नव्हते व त्या दुःखात तिचे आयुष्य सरले, असे त्यांनी पत्रात लिहिले होते. देणगीमागील भावना निर्मळ होती. तथापि होकार कळविण्यापूर्वी विश्वस्त मंडळाने आमच्या वैद्यकीय विभागाकडे अभिप्राय मागितला. तो अभिप्राय आणि त्यावरून झालेला निर्णय आम्ही येथे सर्वांपुढे ठेवीत आहोत.

ही विद्या आपल्याकडे कशी आली

शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करण्याची ही पद्धत मूळची चीनची. तिचा पाया मानल्या जाणाऱ्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथास सुमारे दोन हजार वर्षे झाली. शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, तिच्या प्रवाहात अडथळा आला की आजार उद्भवतो आणि योग्य बिंदूवर सुई टोचल्याने तो अडथळा दूर होतो, अशी या शास्त्राची धारणा आहे. प्रमुख मार्ग बारा मानले जातात, तर परंपरेने चालत आलेल्या ३६१ बिंदूंची प्रमाणित नावे जागतिक आरोग्य संघटनेने निश्चित केली आहेत.

या विद्येशी महाराष्ट्राचे नाते जिव्हाळ्याचे आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. अटल, डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू हे पथकातील अन्य तिघे. डॉ. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच देह ठेवला. त्यांचे नाव पुढे अनेक ॲक्युपंक्चर संस्थांना दिले गेले. त्यामुळे ही विद्या त्यांनीच आणली असा समज पुष्कळांचा आहे. वस्तुतः ते शल्यचिकित्सक होते आणि युद्धभूमीवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. सूचीचिकित्सा शिकून ती भारतात रुजविण्याचे श्रेय त्यांचे सहकारी डॉ. बसू यांचे होय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले आणि तेथे ही विद्या शिकून त्यांनी कोलकात्यात तिचा प्रारंभ केला.

पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये ॲक्युपंक्चर ही एक उपचाररीती म्हणून मान्य केली आणि २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. महाराष्ट्राने तर तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला असून त्याअन्वये उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. सारांश, ही पद्धत बेकायदा नाही आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचेही कारण नाही. प्रश्न एवढाच की, ती कोणत्या तक्रारीवर किती उपयोगी पडते?

सुई टोचल्याने काय घडते

उपचाराची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव व जवळजवळ केसासारखी बारीक असते आणि तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. टोचताना किंचित चुणचुण, जडपणा किंवा मुंग्या आल्यासारखे वाटते. सुया साधारण वीस ते तीस मिनिटे ठेवून काढून घेतात. काही वेळा त्यांना विजेचा अत्यंत सौम्य प्रवाह जोडतात.

'ची' चे मार्ग शरीरविच्छेदनात आढळलेले नाहीत. मात्र सुईमुळे त्वचेखालील व स्नायूंतील मज्जातंतू उत्तेजित होतात. तो संदेश मज्जारज्जू व मेंदूपर्यंत जातो आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते. अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे औषध दिले असता सुईने मिळणारा आराम कमी होतो, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. वेदनाशमनामागे शरीरातील हीच द्रव्ये असावीत, हा तर्क त्यामुळे बळावला. वेदनेच्या बाबतीत ही पद्धत काही अंशी समजावून सांगता येते, ती अशी.

नित्याच्या तक्रारींवर उपयोग

आमच्या बाह्यरुग्ण विभागात अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्या तक्रारींत दुखण्याच्या तक्रारी फार. निंदणासाठी दिवसदिवस वाकून बसणाऱ्या, कपाशी वेचताना कमरेला ओझे बांधणाऱ्या आणि सोयाबीनच्या सोंगणीत राबणाऱ्या भगिनींची कंबर धरते. उतारवयात गुडघे साथ सोडतात. शिलाईयंत्रावर किंवा संगणकापुढे बसणाऱ्यांची मान आखडते. दुखणे असह्य झाले की औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन कामाला लागायचे, ही आपल्याकडील रीत आहे. वेदनाशामक गोळ्यांचा असा दीर्घकाळ वापर जठरास व मूत्रपिंडास अपाय करतो. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची धास्ती आधीच आहे. तेथे ही रीत अधिकच चिंतेची ठरते.

अशा जुनाट दुखण्यांत ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो काय? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांस लक्षणीय आराम पडला. नेहमीची औषधे व व्यायाम घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. मात्र ज्यांना बिंदू सोडून भलत्याच जागी व वरवर सुया टोचल्या होत्या, त्यांच्यातही ४४.२ टक्के रुग्णांस आराम वाटला.

या आकड्यांचा अर्थ आम्ही असा लावतो. सुईने आराम मिळतो हे खरे, परंतु त्यात नेमक्या बिंदूचा वाटा थोडा आहे. टोचण्याची क्रिया, स्वस्थ पडून राहण्याची अर्धी घटका, उपचारकाने आपुलकीने केलेली विचारपूस आणि रुग्णाचा विश्वास यांचा वाटा मोठा आहे. दुखणाऱ्या माणसाला तो आरामही मोलाचा असतो. पुढे वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात कंबर, मान, गुडघे व डोकेदुखी यांच्या जुनाट वेदनांत खऱ्या सुयांचा लाभ खोट्या सुयांपेक्षा थोडा अधिक दिसला. अर्धशिशीचे झटके कमी करण्यास, तसेच मनगटाच्या आतील बाजूस तीन बोटे वर असलेला बिंदू उत्तेजित करून शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी करण्यासही आधार आहे.

याउलट मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा थायरॉईड यांची चालू औषधे बंद करून केवळ सुयांवर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या दुखण्याचे निदान झालेले नाही, त्यावर सुया टोचणेही आम्ही अयोग्य मानतो. कंबरदुखीमागे मणक्याचा क्षय असू शकतो. सांधेदुखीमागे आपल्या भागात आढळणारा सिकलसेल असू शकतो. वेदना दबली आणि मूळ रोग वाढत राहिला, तर हानी उपचाराने केली असेच म्हणावे लागेल.

अपत्यप्राप्तीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वर्षभर नियमित सहवास असूनही गर्भधारणा न झाल्यास दांपत्याची तपासणी करावी, असा वैद्यकीय दंडक आहे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच ती करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकास आयुष्यात केव्हा तरी हा प्रश्न भेडसावतो. एवढ्या सर्वत्र आढळणाऱ्या प्रश्नाबद्दल आपण घरात मात्र दबक्या आवाजात बोलतो आणि बोल लावतो तो सुनेलाच.

ॲक्युपंक्चरविषयी आशा वाढली ती २००२ मध्ये. जर्मनीतील एका अभ्यासात टेस्ट ट्यूब बेबी अर्थात आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या १६० स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना गर्भरोपणापूर्वी व नंतर सुया टोचल्या. त्यांच्यात गर्भधारणेचे प्रमाण ४२.५ टक्के, तर इतरांत २६.३ टक्के आढळले. ही वार्ता जगभर पसरली आणि अनेक ठिकाणी असे उपचार सुरू झाले. परंतु त्या अभ्यासात तुलनेसाठी खोट्या सुया वापरल्या नव्हत्या व स्त्रियांची संख्याही थोडी होती.

त्यानंतर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ८४८ स्त्रियांवर काटेकोर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या सुया घेतलेल्या स्त्रियांपैकी १८.३ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले आणि खोट्या सुया घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के स्त्रियांना. म्हणजे फरक नगण्य.

बीजकोशात अनेक गाठी होऊन पाळी अनियमित होणे, ज्यास सर्वजण 'पीसीओडी' म्हणतात, त्यावर तर प्रत्यक्ष चीनमध्येच एक हजार स्त्रियांवर अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बीज तयार होण्यास मदत करणारी क्लोमिफीनची गोळी घेतलेल्या स्त्रियांत जिवंत मूल होण्याचे प्रमाण २८.७ टक्के होते, तर गोळी न घेतलेल्यांत १५.४ टक्के. सुया खऱ्या असोत वा खोट्या, त्यांनी या प्रमाणात उल्लेखनीय भर घातली नाही. ज्या देशाने ही विद्या जगाला दिली, तेथील वैद्यांनी आपल्याच परंपरेची अशी परीक्षा घेऊन प्रतिकूल निष्कर्षही प्रांजळपणे मांडला, ही गोष्ट आम्हांस विशेष आदरणीय वाटते.

मग या स्त्रियांना ॲक्युपंक्चरचा काहीच उपयोग नाही काय? उपचारांच्या काळात मनावरचा ताण फार असतो. सुयांनी झोप बरी लागली, मन हलके झाले, असे सांगणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांचा अनुभव आम्ही नाकारीत नाही. सोबतीचा उपचार म्हणून, स्त्रीरोगतज्ज्ञांना कळवून, तो घेण्यास हरकत नाही. परंतु 'सुयांनी मूल होईल' असे वचन कोणी देत असेल, तर त्यास आज शास्त्राचा आधार नाही.

एका दांपत्याची हकीकत

दर्यापूरकडील एक दांपत्य आमच्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. लग्नास सात वर्षे झाली होती. प्रथम नवस झाले, मग गंडेदोरे झाले. नंतर कोणी एका शहरातील सुयांच्या उपचाराचे नाव सांगितले. दर आठवड्यास एसटीने जाणे-येणे, राहिलेली मजुरी आणि उपचाराचे शुल्क यांत दोन वर्षे व एका हंगामाच्या कापसाचे पैसे गेले. पत्नीच्या सोनोग्राफीचे अहवाल पिशवीभर होते. त्या पिशवीत पतीचा एकही कागद नव्हता.

आम्ही पतीस वीर्यतपासणी सुचविली. ते अवघडले, पण तयार झाले. शुक्राणूंची संख्या अत्यल्प निघाली. पुनर्तपासणीतही तेच आढळले. अहवाल समजावून सांगितल्यावर दोघेही बराच वेळ गप्प होते. मग त्या भगिनीने आमच्या डॉक्टरांना विचारले, "मंग बाई, इतके दिवस सुया मलेच काऊन टोचल्या?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्यांचे वय तोपर्यंत तेहेतीस झाले होते. पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणक्षमता झपाट्याने घटू लागते. गेलेले पैसे पुन्हा जमविता येतील, पण ती दोन वर्षे परत येणार नाहीत. सुयांनी त्यांच्या शरीरास अपाय केला नव्हता. अपाय झाला तो वाया गेलेल्या काळाने. पुढील उपचारांसाठी आम्ही त्यांना तज्ज्ञांकडे पाठविले असून ते उपचार चालू आहेत. त्यांचा शेवट काय होईल, हे आज सांगता येत नाही.

या एका हकीकतीतून व्यापक बोध घेण्यासारखा आहे. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोषाचा पूर्ण वा अंशतः वाटा असतो. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त व विनावेदना तपासणी आहे. ती दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर करावी आणि दोष आढळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा करावी. स्त्रीच्या बाबतीत बीज तयार होते काय, थायरॉईडचा दोष आहे काय, गर्भनलिका मोकळ्या आहेत काय, हे पाहावे लागते. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हे गर्भनलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे आणि बहुधा त्याची बाहेरून काहीच लक्षणे दिसत नाहीत. बंद झालेली नलिका सुईने उघडत नाही.

उपचार घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

ज्यांना दुखण्यासाठी वा मनःस्वास्थ्यासाठी ॲक्युपंक्चर घ्यावयाचे आहे, त्यांनी पुढील गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात.

१. उपचारकाची रीतसर नोंदणी आहे काय?

२. प्रत्येक वेळी नव्या, निर्जंतुक सुया सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढल्या जातात काय व वापरानंतर नष्ट केल्या जातात काय? एकदा वापरलेल्या सुईने कावीळ व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो.

३. आपण गर्भवती आहोत, रक्त पातळ करणारी गोळी घेतो किंवा हृदयात पेसमेकर बसविलेला आहे, हे उपचारकास सांगितले आहे काय? पेसमेकर असल्यास विजेचा प्रवाह जोडलेल्या सुया वर्ज्य समजाव्यात.

४. किती बैठका लागतील, एकूण खर्च किती आणि किती बैठकांनंतर गुण न आल्यास उपचार थांबवावा, हे आधी ठरले आहे काय?

५. छातीवर वा पाठीवर सुया टोचल्यानंतर दम लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. फुप्फुसास इजा होण्याचा प्रकार विरळा असला तरी गंभीर असतो.

अपत्यप्राप्तीची हमी देणाऱ्यांपासून मात्र चार पावले दूर राहावे. स्त्रीच्या वंध्यत्वावर औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अलौकिक शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीचे शोषण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आयव्हीएफ केंद्रांनाही २०२१ च्या कायद्यान्वये नोंदणी बंधनकारक असून ती पाहण्याचा रुग्णाचा हक्क आहे. नवसासाठी कर्ज काढू नका, कोंबडे-बकरे कापू नका, असे गाडगेबाबांनी याच वऱ्हाडच्या मातीत कीर्तनातून सांगितले. त्यांच्या अमरावतीत आज नवसाच्या जागी एखादे चकचकीत आश्वासन येऊन बसले, तर ते ओळखणे आपलेच काम आहे.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

वरील अभिप्राय मंडळापुढे ठेवल्यानंतर दोन बैठकांत चर्चा झाली. काही विश्वस्तांचे म्हणणे असे पडले की, देणगी नाकारल्यास दात्याचा अवमान होईल, आणि सुयांनी अपाय तर होत नाही. इतरांचे म्हणणे असे की, रुग्णालयाच्या दारावर 'अपत्यप्राप्ती' हा शब्द लिहिला की तो वचनासारखाच वाचला जाईल आणि जे वचन पाळता येत नाही ते धर्मादाय संस्थेने देऊ नये. अखेरीस दुसरे मत एकमताने मान्य झाले.

अध्यक्ष व वैद्यकीय अधीक्षक स्वतः दात्यांकडे गेले आणि त्यांनी सर्व आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. आपल्या भगिनीच्या पतीची तपासणी कधी झाली होती काय, असे त्यांनी स्वतःशीच विचारल्यासारखे म्हटले. त्यानंतर त्यांनी देणगीचा विनियोग बदलण्यास लेखी संमती दिली.

त्यानुसार देणगीचा लहान भाग वेदनाशमन विभागासाठी वापरला जाईल. तेथे जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, मानदुखी व अर्धशिशी यांच्या रुग्णांस निदान झाल्यानंतर, व्यायामोपचाराच्या जोडीने, नोंदणीकृत उपचारकाकडून ॲक्युपंक्चर दिले जाईल. सहा बैठकांनंतर गुण न दिसल्यास ते थांबविले जाईल. देणगीचा मोठा भाग 'दांपत्य तपासणी निधी' म्हणून राखून ठेवला असून त्यातून गरजू पती-पत्नींच्या प्राथमिक तपासण्या विनामूल्य होतील. त्यास अट एकच. पहिल्या भेटीस दोघांनीही यावे. एकट्या सुनेस घेऊन येणाऱ्या सासूबाईंनाही आम्ही आदराने बसवू आणि मुलास सोबत आणण्याची विनंती करू.

दात्यांच्या इच्छेनुसार त्यांचे वा त्यांच्या भगिनीचे नाव कोठेही लावलेले नाही. रुग्णालयाच्या या निर्णयास त्यांनी दिलेली साथ आम्ही त्यांच्या देणगीइतकीच मोलाची मानतो. अन्य दात्यांनी या निधीस यथाशक्ति हातभार लावावा आणि वाचकांनी ही माहिती आपल्या गावातील गरजू दांपत्यांपर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.

— वैद्यकीय विभाग